घरटी एक जागा

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी वहिनींनी खिडक्यांच्या काचांवर साचलेलं मीठ पुसलं, पडदे धुतले, खुर्च्यांचे डगमगणारे पाय नवऱ्याकडून ठोकून घेतले. मग परसदारी आल्या आणि तिथेच थबकल्या. दोरीवर हिरवं जाकीट वाळत होतं. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत किनारा रोजगार योजनेचं नाव. पलीकडच्या गल्लीतूनही वाचता येईल असं.

वहिनी म्हणजे मॅनेजरांची बायको. मासे डबाबंद करणारा कारखाना चालू होता तेव्हापासून सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणत असे, आणि कारखाना बंद पडून वर्ष उलटलं तरी त्यांच्या नवऱ्याला अजून मॅनेजरच म्हणत असे. ते जाकीट मॅनेजरांच्या धाकट्या बहिणीचं होतं. तिला घरात तिचे दादा, म्हणजे मॅनेजर, सोडून सगळे आत्या म्हणत. दादा चिमी म्हणत. पन्नाशी उलटून केस पिकले तरी चिमीच.

कारखाना बंद झाल्यावर सरकारने किनाऱ्यावरच्या गावांसाठी ही योजना आणली. वाळूवर साचणारं शेवाळ आणि कचरा काढायचा, समुद्राच्या लाटांनी खचलेला बांध दुरुस्त करायचा, टेकाडांवर गवत लावायचं. काम नियमित, पगार वेळेवर. अट एकच, घरटी एक जागा. ही जागा खरं तर मॅनेजरांनी घ्यावी असंच सगळे धरून चालले होते. पण रांगेत कोण उभं असणार हे त्यांना माहीत होतं. कारखाना बंद होत असल्याची नोटीस त्यांनी ज्यांना वाचून दाखवली होती तीच सगळी माणसं. ते त्या सकाळी कपडे करून दारापर्यंत गेले, चप्पल घातली, काढली आणि पोट बिघडलं म्हणून आत जाऊन पडले. दुपारी आत्या नाव नोंदवून आली. दुसऱ्या दिवशी जाकीट घालून कामावर गेली.

तेव्हापासून घर तिच्या कमाईवर चाललं होतं. मॅनेजर रोज सकाळी हातात बॅग घेऊन बाहेर पडत आणि वाचनालयात बसत. कुणी विचारलंच तर एका कंपनीला सल्ला देतो म्हणत. कुठल्या कंपनीला, हे विचारण्याइतकं वाईट कुणी वागलं नव्हतं.

आता मुलीचं जमत आलं होतं. ती दुसऱ्या शहरात नर्स होती. तिथल्याच इस्पितळात रक्त तपासणाऱ्या एका मुलाशी तिने स्वतःच जमवलं होतं. आत्या त्याला न बघताच लॅबवाला म्हणायला लागली होती. मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी यायचे होते. मुलाला सुटी मिळाली नव्हती म्हणून दोघंच.

“ते जाकीट तेवढं दिसायला नको,” मॅनेजर बायकोला म्हणाले.

“मग तुम्हीच सांगा तिला.”

“तू सांग. बायकाबायकांत बरं पडतं.”

वहिनींनी सांगितलं. सांगताना त्या भांडी पुसत होत्या आणि पुसून झालेलंच भांडं पुन्हा पुसत होत्या. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, एकदा सगळं ठरलं की मग आपण काय लपवणार आहोत, लोक कसे असतात तुला माहीत आहे, वगैरे. आत्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, “मी कुठे गेलेय म्हणून सांगणार?”

“बाहेरगावी. मैत्रिणीकडे.”

“माझ्या सगळ्या मैत्रिणी किनाऱ्यावरच आहेत, वहिनी,” आत्या म्हणाली आणि हसली. ती हसली म्हणून वहिनींना हायसं वाटलं. हायसं वाटल्याचं नंतर त्यांना फार लागलं, पण ते नंतर. आत्या म्हणाली, काळजी करू नका, आमची टोळी सध्या दीपस्तंभाच्या बाजूला आहे, तिकडे कुणी फिरायला येत नाही. तिने दोरीवरचं जाकीट काढलं, घडी घातली आणि पिशवीत तळाशी ठेवलं. गल्ली ओलांडल्यावर घालीन, म्हणाली.

मुलगी संध्याकाळच्या बसने आली तेव्हा हे सगळं ठरून गेलं होतं. आईने स्वयंपाकघरात तिला दबक्या आवाजात सांगितलं. मुलीने एवढंच विचारलं, “आत्याला चाललं?” आई म्हणाली, हसली ती. मुलीला त्या हसण्याचा अर्थ कळत होता. लहानपणी आई दोन वर्षं आजारी होती तेव्हा हिची वेणी घालणारी, शाळेत पोचवणारी, ताप आला की रात्र रात्र बसणारी आत्याच होती. ती कधी कशी हसते हे या मुलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती गप्प राहिली. तिने लॅबवाल्याला आत्याबद्दल सगळं सांगितलं होतं, जाकिटासकट. त्याच्या आईवडिलांचं तिला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, ते भेटून जाईपर्यंत हा विषय निघाला नाही तर बरंच, असं तिलाही वाटून गेलं होतं.

पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. मुलाचे वडील गोलमटोल, बोलके. आयुष्यभर रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे बसल्यामुळे आता समोर माणूस मोकळा सापडला की त्याला सोडायचेच नाहीत. मुलाची आई उंच, कमी बोलणारी. बोलण्याआधी क्षणभर समोरच्याकडे बघायची तिची सवय होती. चहा झाल्यावर ती म्हणाली, आमच्या गावाला समुद्र नाही, जेवणाआधी एकदा डोळे भरून बघून येऊ या का?

मॅनेजरांनी मनातल्या मनात अंतर मोजलं. दीपस्तंभ एका टोकाला, फिरायचा रस्ता दुसऱ्या. त्यांनी आनंदाने टोपी घेतली.

दोन दिवस वारा सुटला होता याचा विचार त्यांनी केला नव्हता. समुद्राने फिरायच्या रस्त्याखालच्या वाळूवर शेवाळाचे गुडघाभर ढीग आणून टाकले होते आणि वास थेट वरपर्यंत येत होता. साहजिकच सगळ्या टोळ्या तिथे बोलावल्या होत्या. वळण घेतल्याबरोबर मॅनेजरांना खाली हिरव्या जाकिटांची लांब रांग दिसली. परत फिरावं असं त्यांना वाटलं, पण मुलाची आई कठड्याला हात टेकून उभी राहिली होती.

“हेच का ते सरकारी काम?” मुलाच्या वडिलांनी विचारलं. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. कल्पना चांगली आहे म्हणा, पण सरकारने असं किती दिवस पोसायचं? आज कचरा उचलायचे पैसे, उद्या नुसतं बसायचे. तुम्ही तर कारखाना चालवलाय, तुम्हाला काय वाटतं?

इथे मॅनेजरांना गप्प राहता आलं असतं. निदान समुद्राबद्दल काहीतरी बोलता आलं असतं. पण पाहुणा आपल्याला बरोबरीचा समजून विचारतोय हे त्यांना फार दिवसांनी मिळालं होतं.

“सवय लागते लोकांना,” ते म्हणाले. “हात पसरायची.”

वहिनींनी पदर सारखा केला. मुलीने पायाखालच्या फरशीकडे बघितलं. कुणी काही म्हणायच्या आत मुलाची आई वाळूकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या उतरू लागली.

“इकडून नका उतरू बाई, शेवाळ आहे. पाय घसरेल. पलीकडून या.”

पायऱ्यांच्या तळाशी हातात शेवाळ ओढायचं दाताळं घेऊन आत्या उभी होती. तिने आधी फक्त उतरणारी बाई बघितली होती. मग तिची नजर वर गेली. कठड्याशी दादा, वहिनी आणि तिने वाढवलेली पोर ओळीने उभी होती. ती हसली. ठरवून नाही, घरची माणसं समोर आली की चेहरा आपोआप उमलतो, तसं. लगेच तिच्या लक्षात आलं आणि ते हसू तिने आवरतं घेतलं. पण मुलाच्या आईने ते बघितलं होतं.

तिने वळून मॅनेजरांकडे पाहिलं. “तुमच्या ओळखीच्या आहेत वाटतं?”

मॅनेजर पुढे कितीतरी दिवस हा क्षण आठवत राहिले. विचार करायला वेळच मिळाला नाही, असं ते स्वतःला सांगत. पण वेळ मिळाला होता. मुलाच्या आईची ती सवयच होती, विचारून थांबायची. ती थांबली होती.

“कारखान्यात कामाला होती,” ते म्हणाले. “आमच्या हाताखाली.”

खाली वाळूवर दाताळी थांबली. टोळीतल्या सगळ्या बायका कारखान्यातल्याच होत्या. मॅनेजर कोण, आत्या त्यांची कोण, हे त्यांतल्या एकीलाही सांगायला नको होतं. एक ठेंगणी बाई तोंड उघडणार होती. आत्याने तिच्या दंडावर हात ठेवला.

“हो,” आत्या मुलाच्या आईला म्हणाली. “फार वर्षं होते. साहेबांनी चांगलं सांभाळलं आम्हाला.”

मग ती वळली आणि ढिगात दाताळं घातलं. बाकीच्यांनीही घातलं. मुलाचे वडील म्हणाले, बघा, अजून मान देतात तुम्हाला. मॅनेजरांनी मान हलवली. मुलगी आत्याच्या पाठीकडे बघत होती, त्या पांढऱ्या अक्षरांकडे. आता तरी बोल, असं ती स्वतःला म्हणत होती, आणि सगळे घराकडे चालू लागले तेव्हा तीही त्यांच्यामागून चालू लागली.

जेवायला बसल्यावर वहिनींनी वाढण्यात स्वतःला इतकं गुंतवून घेतलं की ताटं भरून वाहायची वेळ आली. मुलाचे वडील तिकीट खिडकीचे किस्से सांगत होते. सांगणाऱ्यापेक्षा मॅनेजरच जास्त हसत होते. मुलाची आई हळूहळू जेवत होती. किस्सा संपल्यावर तिने विचारलं, “तुमच्या बहीण दिसत नाहीत? आम्हाला त्यांना भेटायचं होतं. मुलगा सांगत होता, हिला लहानपणी त्यांनीच वाढवलं म्हणून.”

“मैत्रिणीकडे गेलीय,” मॅनेजर म्हणाले. “बाहेरगावी. अचानक ठरलं.”

“हो का.” ती पुन्हा जेवू लागली. दोन घास खाल्ले. “मघाशी पायऱ्यांपाशी ज्या भेटल्या ना, त्यांचं नाक अगदी तुमच्यासारखं होतं.”

“समुद्राच्या वाऱ्याने सगळ्यांची नाकं सारखीच होत असतील,” मुलाचे वडील म्हणाले आणि एकटेच हसले. मग त्यांनी बायकोकडे बघितलं, यजमानांकडे बघितलं, आणि त्यांचं हसू कुठेतरी अर्ध्यात विरलं. रस्त्यावर आपण काय बोललो ते त्यांना आठवलं असावं. ते लाल झाले आणि ताटात बघू लागले.

मुलगी उठून उभी राहिली. तिचा हात खरकटाच होता.

“त्याच माझ्या आत्या,” ती म्हणाली. “बाहेरगावी वगैरे कुणी गेलेलं नाही. घर त्याच चालवतात.”

“मला माहीत आहे, बाळ,” मुलाची आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकणं अवघड झालं. “मुलाने मला सगळं सांगितलंय. म्हणून तर मी तिथे विचारलं. म्हटलं, ओळख करून देतील.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आमटीचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच मागच्या मागे आत गेल्या. मॅनेजरांना सारखं वाटत होतं की कुणीतरी चिडावं, ओरडावं, ताट सारून उठावं. कुणीच उठलं नाही. पाहुण्यांनी ताटातलं सगळं संपवलं, जेवण छान झालं म्हणून सांगितलं, आणि ते सभ्य वागणं मॅनेजरांना थपडेपेक्षा झोंबलं.

मुलगी तोवर हात धुऊन बाहेर पडली होती.

टोळीची जेवणाची सुटी होती. बायका बांधाच्या सावलीत बसल्या होत्या. ती येताना दिसली तशा त्यांच्या गप्पा थांबल्या. आत्या बाजूला एकटीच एका दगडावर बसून बुटातली वाळू काढत होती.

“आत्या, घरी चल. त्यांना सगळं माहीत होतं. आधीपासून.”

“असं?” आत्याने दुसरा बूट काढला. “मग तर फुकटच गेलं सगळं.”

“चल ना. त्याच्या आई तुझी वाट बघतायत.”

“सुटी संपत आली. मी उठून गेले तर माझा वाटा या बायकांवर पडेल.”

मुलगी तिच्या पायाशी वाळूत बसली. बाबांचं सोड, मीसुद्धा गप्प बसले, असं काहीतरी ती म्हणाली. म्हणताना तिला वाटत होतं की आत्या नेहमीसारखी म्हणेल, जाऊ दे गं, तुझा काय दोष.

“हो,” आत्या म्हणाली. “तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस.”

मुलगी रडू लागली. आत्याने तिला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने तिच्या हातात आपला रुमाल दिला आणि म्हणाली, “तोंड धू आणि जा. पाहुण्यांना बसपर्यंत पोचव. मुलाच्या आईला सांग, बाई चांगली वाटली मला. माझ्याकडे बघून बोलली.”

मुलगी गेल्यावर आत्या बूट घालून उठली. तिला राग आला होता असं म्हणता येणार नाही. दादा कसा आहे ते तिला लहानपणापासून माहीत होतं; तो वाईट नव्हता, भित्रा होता. आपण काल संध्याकाळी घरी एक बातमी सांगायची म्हणून किती उत्साहात आलो होतो, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. योजनेच्या साहेबीणबाईंनी तिला टोळीची मुकादम केलं होतं. जेवताना सांगू म्हणून तिने ते राखून ठेवलं होतं, आणि तेवढ्यात वहिनी भांडी पुसत पुसत तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. जिचं काम लपवायचं चाललंय तिने त्यात बढती मिळाल्याचं कसं सांगायचं? तेव्हा ती हसली होती. आता तेच हसणं तिला आठवत होतं आणि स्वतःचीच लाज वाटत होती. आपण हो म्हणालोच का? जाकीट पिशवीच्या तळाशी आपण आपल्याच हाताने ठेवलं होतं.

ती घरी आली तेव्हा पाहुणे गेलेले होते. मॅनेजर ओट्यावर बसले होते. वाटेवरून येताना तिने जाकीट काढलं नव्हतं. ती तशीच गल्लीतून चालत आली होती आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या माणसाने मान डोलावली तेव्हा तिनेही डोलावली होती.

मॅनेजर उभे राहिले. दिवसभर त्यांनी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. मुलीचं भवितव्य, पाहुण्यांची मतं, ऐनवेळचा गोंधळ. ती समोर आल्यावर त्यांतलं एकही तोंडातून निघेना.

“चिमे,” ते म्हणाले, “चुकलं माझं.”

“हो,” ती म्हणाली. तीही ओट्यावर बसली, थोडं अंतर ठेवून. मग तिने शांतपणे सांगायला सुरुवात केली, जणू उद्याच्या कामाची वाटणी करत असावी. जाळी विणणाऱ्याच्या दुकानावर एक खोली रिकामी आहे. तिने येताना बघून ठेवली होती. महिनाअखेरीस ती तिकडे राहायला जाणार होती.

“असं काय करतेस? मी पाया पडू का तुझ्या?”

“नको. नीट ऐक. योजनेत घरटी एक जागा आहे. मी इथे राहते तोवर ती माझ्या नावावर. मी वेगळी राहिले की माझं घर वेगळं झालं. मग तुमच्या घरची जागा मोकळी होते. तिथे तू नाव दे.”

मॅनेजर बघतच राहिले. त्यांना वाटलं होतं ती शिक्षा सुनावतेय.

“मला जमणार नाही ते,” ते म्हणाले. “त्या लोकांसमोर. त्यांना घरी बसवणारा मी.”

“त्यांना माहीत आहे ते. तू न सांगताच.”

“तू मला माफ नाही केलंस.”

आत्याने जाकिटावरची वाळू झटकली. आत वहिनी दाराशी उभ्या होत्या.

“केलं, दादा,” ती म्हणाली. “पण या घरात आता मला जेवण उतरणार नाही.”

ती गेली त्या दिवशी वहिनींनी तिचं सामान बांधायला मदत केली. दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. मध्येच वहिनी खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावला. त्यांना सांगायचं होतं की मी आजारी होते तेव्हा तू माझं अंग पुसलंस, माझी पोर सांभाळलीस, आणि मी तुला मैत्रिणीकडे पाठवून दिलं. पण त्यांच्याने ते बोलवलं नाही. आत्याने त्यांच्या हातातली चादर घेतली आणि उरलेल्या घड्या एकटीने घातल्या. जाताना मात्र म्हणाली, “वहिनी, येत जा. खिडकीतून सगळा समुद्र दिसतो.”

मॅनेजर लगेच नाव द्यायला गेले नाहीत. ते आणखी काही दिवस बॅग घेऊन वाचनालयात बसले. घरातलं एकेक संपत गेलं आणि वहिनी काही बोलत नव्हत्या, ते त्यांना सहन होईना. शेवटी एका सकाळी ते बॅग न घेता निघाले. रोजगार कार्यालय कारखान्याच्या फाटकाशेजारच्या खोलीत होतं. टेबलामागे मुलीच्या वयाची एक कारकून होती. पंख्याच्या खडखडाटात तिला नीट ऐकू येत नव्हतं. आधी काय काम करत होता, हे तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मॅनेजरांना मोठ्याने सांगावं लागलं. मागे रांग होती. रांगेत कुणी हसलं नाही. कुणीतरी फक्त खाकरलं, आणि ते खाकरणं त्यांच्या मानेवर दिवसभर बसून राहिलं.

त्यांना बहिणीच्या टोळीत घातलं नाही, शेजारच्या टोळीत घातलं. पहिल्या आठवड्यात हातांची सालटं निघाली. बायका त्यांच्याशी वाईट वागल्या नाहीत, चांगल्याही वागल्या नाहीत. ठेंगणी त्यांना दाताळं कसं धरायचं ते दाखवून गेली आणि जाताना म्हणाली, वाकून काम करा, नाहीतर कंबर जाईल. वाकायला ते तयारच होते. वरच्या रस्त्याने कुणी गेलं की ते जरा जास्तच वाकत. टोपी ते भुवयांपर्यंत ओढून घेत. आत्या बांधावरून टोळ्यांमध्ये फिरायची, कुणाला काय हवं नको बघायची. भावासमोरून जाताना इतरांशी बोलावं तसं आणि तेवढंच बोलायची.

मुलीचं ठरलं होतं. तसा निरोप मुलाकडून आला होता. त्याच्या आईवडिलांनी एका शब्दाने मागचं काढलं नव्हतं. मॅनेजरांनी त्यांना उत्तर लिहायला घेतलं होतं आणि टाकून दिलं होतं.

अशात एका सकाळी, वारा पडलेला असताना, वरच्या रस्त्यावर मॅनेजरांना ओळखीचा आवाज आला. कुणीतरी टोळीच्या मुकादम कुठे भेटतील म्हणून विचारत होतं. त्यांनी टोपीखालून बघितलं. मुलाची आई. एकटीच आली होती, हातात पिशवी. ती त्यांच्या घरी गेली नव्हती, थेट इथे आली होती.

ती पलीकडच्या बाजूने वाळूवर उतरली आणि त्यांच्यापासून चारपाच हातांवरून गेली. मॅनेजर ढिगाकडे तोंड करून इतके वाकले की शेवाळ नाकाला लागलं. तिने त्यांना ओळखलं नाही. हिरवं जाकीट आणि टोपी, तशी तिथे कितीतरी माणसं होती. ती पुढे गेली. आपण वाचलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि पाठोपाठ आपल्या मनात काय आलं ते त्यांना कळलं. शेजारच्या टोळीतली ठेंगणी काम थांबवून त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

बांधावर दोघी बायका भेटल्या. मुलाची आई आत्याचे दोन्ही हात धरून काहीतरी बोलत होती. आत्या मान हलवत होती, हसत होती. बोलता बोलता तिची नजर वाळूवर फिरली, टोळीवरून सरकली आणि त्या वाकलेल्या पाठीवर येऊन थांबली. काय झालं असेल ते तिला सांगावं लागलं नाही.

“दादा,” तिने वरून हाक मारली. आवाज चांगला खणखणीत होता, दोन्ही टोळ्यांना ऐकू जाईल असा. “वर ये. पाहुणे आलेत आपल्याकडे.”

दाताळी पुन्हा थांबली. मुलाच्या आईने वळून बघितलं. मॅनेजर सरळ उभे राहिले. अंगाला वास येत होता, बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. त्यांनी टोपी काढली. दाताळं वाळूत रोवलं, हात पुसायला काही सापडलं नाही म्हणून जाकिटालाच पुसले आणि सगळ्यांच्या देखत ते बांध चढू लागले. कान तापले होते, आणि एकेक पाऊल वर जावं तसे ते आणखी तापत होते. पण ते थांबले नाहीत.